गेल्या वर्षीची कानबाई

केबलवाल्याची आठवण गावाला चित्र गेल्यावरच येते. चित्र नीट दिसत असलं की त्याच्याकडे कोणी बघत नाही. पिंपळनेरच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे मी सव्वीस वर्षं हा धंदा करतोय. खांब तेच आहेत, शिडी तीच आहे, आणि गुडघे तेवढे गेलेत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, सांगतो. पण माझा स्वभाव मुळात कमी बोलायचा, आणि त्यामुळे एक गोष्ट सांगायची राहून गेली ती वीस-एकवीस वर्षं. संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर तीही यात येईल.

आधी धंदा काय होता ते सांगतो, कारण आजच्या पोरांना ते सांगूनही खरं वाटत नाही. माझ्या घराच्या गच्चीवर तीन मोठ्या छत्र्या होत्या. खाली एका खोलीत, तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणायचो, एकावर एक डबे रचलेले. एका डब्यात एक चॅनल. सगळे डबे एकत्र करून एकच काळी वायर बाहेर निघायची आणि तीच खांबाखांबाने गावभर फिरायची. सिग्नलचं नळाच्या पाण्यासारखं असतं, लांब गेला की दाब कमी होतो. म्हणून दर काही घरांनंतर एक पेटी लावायची, ती सिग्नलला पुन्हा जोर देते. पेटीत पाणी गेलं की गल्ली बंद. उसाची ट्रॉली उंच भरली की वायर तुटली. माकडांनी झोके घेतले की चित्राला मुंग्या. मग मी आणि माझा भागीदार रमेश शिडी घेऊन पळायचो.

गंमत ही की तेव्हा बिघाडही सगळ्यांचा मिळून असायचा. मालिकेत सून घराबाहेर निघाली आणि नेमकं चित्र गेलं, तर अख्खी गल्ली ओट्यावर येऊन मलाच विचारायची, "निंघनी का ती?" जणू तिला मीच अडवून धरलंय. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात, पाणवठ्यावर, एसटीत बोलायला सगळ्यांकडे तोच विषय. आता त्याच खांबांवरून मी इंटरनेटची काचेची तार नेलीय. एका घरात पाच माणसं, पाच फोन, पाच कोपरे. बाप केळीचे भाव बघतो, आई कीर्तन, सून स्वयंपाक आणि धाकटा कोरियातली मालिका. पूर्वी तक्रार यायची, "चित्र गेलं." आता येते, "गोल फिरतंय." आणि गोल फक्त एकाच्याच फोनवर फिरत असतो, बाकीच्या चौघांना पत्ता नसतो. मी याला नावं ठेवत नाही. माझं पोट आज त्या गोलावरच आहे.

तर त्या डब्यांमध्ये एक चॅनल आमचं स्वतःचं होतं. एक व्हीसीआर, एक टीव्ही, आणि खाली पट्टी चालवायला एक जुना कॉम्प्युटर. पट्टीवर वाढदिवस, हरवलेली म्हैस, लसीकरण, कोणाचं उत्तरकार्य कधी, सगळं. आणि लग्नाच्या कॅसेटी. लोकांना दूरवरच्या चॅनलपेक्षा स्वतःचा मावसा पंगतीत जिलेबी खाताना बघायला जास्त आवडायचं, हे मला फार लवकर कळलं. एकदा गावातले एक पाटील आले. म्हणाले, "पोरीच्या लग्नाची कॅसेट रोज लाव. मी सांगेपर्यंत." का, तर त्यांचा मावसभाऊ रुसून लग्नाला आला नव्हता, त्याला दाखवायचं होतं की त्याच्यावाचून काही अडलं नाही. तीन दिवस अख्ख्या गावाने ते लग्न पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मावसभावाचा पाटलांना फोन आला, "आते बंद करा राव. मी येस जेवाले." ते भांडण मी मिटवलं असं मी अजून सांगतो.

पण खरा अभिमान मला कानबाईचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची देवी. श्रावणातल्या रविवारी ती घरात बसते, नारळाला नथ-दागिने, लुगडं, पानाफुलांची आरास, आणि सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेला, नाशकाला गेलेली माणसं त्या दिवशी गावात येतात. सगळं गाव रस्त्यावर. मग घरात कोण उरतं? बाळंतीण, सुतकातली माणसं, आणि अंथरुणाला खिळलेली. त्यांच्यासाठी मी मिरवणूक थेट दाखवायला सुरुवात केली. चौकातल्या दत्तमंदिराच्या ओट्यावर फोटो स्टुडिओवाल्याचा कॅमेरा, आणि तिथून घरांवरून, झाडांवरून माझ्या कंट्रोल रूमपर्यंत ओढलेली एक लांब वायर. बस्स. आमच्या तालुक्यात हे दुसऱ्या कोणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पहिल्या वर्षी एक बाळंतीण खिडकीतून मला म्हणाली, "सुभाषदादा, माहेरची कानबाई घरात बसून पाहिली." त्या एका वाक्यावर मी वर्षभर खांब चढलो.

आता तुळशीराम नाना.

नाना साक्रीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल आडत्यासमोर तोलून वजन सांगणारा माणूस. दोन्ही बाजूंचा त्याच्या शब्दावर विश्वास हवा, नाहीतर रोज मारामारी. नानांनी तीस-बत्तीस वर्षं वजनं सांगितली आणि एकदाही कोणी 'पुन्हा तोला' म्हटलं नाही. गावातही तसंच. दोघांचं काही वाजलं आणि नाना तिथून जात असले की लोक म्हणत, नानांना विचारा. नाना म्हणाले की झालं. रिटायर झाल्यावर ते घरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला लागले. त्यांची बायको, सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं, नानांचं सगळं करायची. पावसाळ्याच्या तोंडावर एका आठवड्याच्या तापात अक्काच गेल्या. खाटेवरचे नाना मागे राहिले. त्या श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसली नव्हती. पण मिरवणूक बघायला त्यांचा मुलगा विजूभाऊ, जो शाळेत मास्तर होता, आणि सून, दोघंही नदीवर गेले होते. जाताना नानांसमोर आमचं चॅनल लावून ठेवलं होतं. आठवडाभर मी पट्टी चालवली होती ना, 'सोमवारी सकाळी कानबाई मातेची मिरवणूक, थेट.'

सोमवारी मिरवणूक सुटली आणि बँडवाल्यांच्या ट्रॅक्टरवरच्या उंच भोंग्यात माझी लांब वायर अडकली. एका झटक्यात तुटली. रमेश चौकात होता, तो जोडायला धावला. मी एकटा कंट्रोल रूममध्ये, समोर काळा पडदा. आणि फोन सुरू. "सुभाष, चित्र कोठे गयं रे?" एक ठेवला की दुसरा. मला सगळ्यात जास्त काय वाटलं ते खरं सांगतो. दया वगैरे नाही. माझी अब्रू गेली असं वाटलं. आठवडाभर मिरवलेलं 'थेट' सगळ्यांदेखत फजीत झालं.

फळीवर गेल्या वर्षीच्या कानबाईची कॅसेट होती.

चौक तोच, मंदिर तेच, बँड तोच, श्रावण तोच. म्हटलं पाच मिनिटं, वायर जोडेपर्यंत. कॅसेट लावली. खाली पट्टी तशीच, 'थेट'. फोन थांबले. मी पंख्याखाली बसून घाम पुसला आणि स्वतःवर खूश झालो. पाच मिनिटांची चाळीस झाली, कारण रमेशला मधला जोड सापडेना. त्या चाळीस मिनिटांत फक्त एक तक्रार आली. कोपऱ्यावरच्या एका काकूंची. "मन्ही सून सकाळे निळं पातळ नेसीसन गई. तुना टीव्हीमा हिरवं कसं दिखस?"

मी म्हटलं, "काकू, कलरचा फॉल्ट आहे."

"बरं बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. हा किस्सा मी नंतर स्वतःशीच आठवून किती वेळा हसलोय. जोड लागला, मी थेटवर आलो, नदीवरची आरती गावाने नीट पाहिली. कोणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं की तुळशीराम नानांना वेड लागलंय.

झालं असं होतं. विजूभाऊ आणि सून नदीवरून परत आले तर नाना खाटेवर उठून बसलेले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणत होते, "तुमनी माय दिखनी माले. डोकावर कानबाई लिसन चालनी व्हती." विजूभाऊने समजावलं, आई गेलीय, ती मिरवणुकीत कशी असेल. नाना ऐकेनात. शेजारच्या दोन बायका पाया पडून गेल्या, देवीने दर्शन घडवलं म्हणून. त्यांच्यावरही नाना चिडले. "दर्शन-बिर्शन काय? मी टीव्हीमा देखी. जशी तुम्हले देखस तशी." चमत्कार मानला असता तर गावाने त्यांना सोडलं असतं. पण नाना मापाडी. जे पाहिलं तेच सांगणार, आणि पुन्हा पुन्हा तेवढंच सांगणार.

आठ दिवसांत त्यांना धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. आणि डॉक्टर म्हणाले की विजूभाऊच कोण जाणे, पण ठरलं असं, की टीव्ही त्यांच्यासमोरून हलवायचा. केबलचा पॉइंट आतल्या खोलीत न्यायला मला बोलावलं. दुसऱ्या कोणाला बोलावणार? मीच तर केबलवाला.

मी स्टुलावर चढून भिंतीतले खिळे उपटत होतो, एकेक खिळा, एकेक हात वायर. नाना खाटेवरून बघत होते. विजूभाऊ दारात उभा.

नाना म्हणाले, "सुभाष, तू सांग यास्ले. कॅमेरा तुना व्हता. अक्का व्हती का नही?"

माझी पाठ त्यांच्याकडे होती. ती मी फिरवली नाही. म्हणालो, "नाना, मी कंट्रोल रूममध्ये होतो. गडबडीत मी काही पाहिलं नाही."

विजूभाऊ बाहेर मला पोचवायला आला. म्हणाला, "दादा, त्या दिवशीची कॅसेट आहे का? एकदा दाखवली तर नानांची खात्री पटेल की आई त्यात नाही." मी म्हटलं, थेट होतं, रेकॉर्ड केलं नाही. घरी गेलो आणि भीती बसली. कोणी गेल्या वर्षीची कॅसेट मागितली तर? ताडून पाहिली तर? हिरवं पातळ, बँडवाल्यांचे जुने फेटे, सगळं त्यात होतं. त्याच दुपारी मी ती व्हीसीआरमध्ये घातली आणि तिच्यावर एका लग्नाचं रेकॉर्डिंग उतरवून टाकलं. कॅसेटी आम्ही तशाही पुन्हा पुन्हा वापरायचो. रमेशला काही वाटलं नाही.

नंतर मी नानांच्या गल्लीत काम निघालं की रमेशला पाठवायचो. गावात नाना काही बोलले की लोक आता एकमेकांकडे बघून हसायचे. पूर्वी त्यांच्या शब्दावर वाद मिटायचा, आता त्यांनी आज मंगळवार आहे म्हटलं तरी लोक कॅलेंडर बघत. हे मी टपरीवर बसून ऐकायचो आणि चहा प्यायचो.

आखाजी आली. अक्षयतृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतो. अक्कांची ती पहिली घागर. आमच्या घरच्या घागरीला नमस्कार करताना मला काय झालं सांगता येत नाही, पण तसाच उठलो आणि नानांकडे गेलो. घरात पाहुण्यांची जेवणं चालली होती, नाना बाहेरच्या खोलीत एकटे. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि सगळं सांगितलं. वायर, फोन, कॅसेट, सगळं.

मला वाटलं होतं शिव्या देतील. मी तयारीने गेलो होतो. नानांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी बराबर देखं."

"हो नाना. बरोबर पाहिलं."

त्यांचा चेहरा असा सुटला, जणू कितीतरी दिवस कोणीतरी त्यांची मान दाबून धरली होती आणि आता सोडली. आणि मग ते कोपरावर उठले, आणि अगदी लहान पोरासारखे म्हणाले, "मंग परत लाव ना."

याची तयारी मी केली नव्हती.

"नाना, पुसली मी ती."

ते परत आडवे झाले. म्हणाले, "लुगडं कोणतं व्हतं रे तिना आंगवर? मी रडाले लागनू, माले नीट दिखनं नही. तू ते देखं व्हई."

मी पाहिलं नव्हतं. चाळीस मिनिटं तो पडदा माझ्यापासून दोन हातांवर होता आणि माझं सगळं लक्ष फोनकडे होतं. तसं सांगितलं.

मी हात जोडून म्हणालो, विजूभाऊला सांगू नका, धंदा बसेल. नाना म्हणाले, "घागर भरेल शे. पाणी पी आनि जाय." त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दोन वर्षांनी गेले. शब्द पाळून गेले, आणि गावाच्या लेखी वेडे म्हणून गेले.

त्या आखाजीनंतर मी एकही कॅसेट पुसली नाही. हे मी प्रायश्चित्त वगैरे म्हणून केलं असं म्हणवत नाही, हातच चालेना. लग्न, कानबाई, शाळेचं स्नेहसंमेलन, तमाशाच्या आधीचा सत्कार, जे चित्रित केलं ते ठेवलं. रमेश म्हणायचा, कपाटं घेऊन मरशील. कॅसेटवरून सीडी, सीडीवरून डिस्क, प्रत्येक वेळी मी सगळं उतरवून घेतलं. आणि आणखी एक नियम केला. जुनं काही दाखवलं तर पट्टीवर 'पूर्वी चित्रित' लिहायचंच, मग ते दोन मिनिटांचं का असेना.

पुढे छत्र्या उतरल्या, डबे भंगारात गेले, घरोघरी फोन आले. आमचं चॅनल बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटं. मी मिरवणूक आता फोनवर दाखवतो. सुरत, पुणे, आखातातून लोक बघतात आणि तिथल्या तिथे लिहितात, 'आत्याला दाखवा, डावीकडे फिरवा.' आणि वर्षभर जुन्या रेकॉर्डिंगसाठी लोक येतात. माणूस फोनवर जगातलं काहीही बघू शकतो, पण स्वतःची आई फक्त माझ्या कपाटात आहे. एक जण वडिलांचा आवाज ऐकायला नाशिकहून आला होता. सत्काराला उत्तर देताना त्याचे वडील "मी दोन शब्द बोलतो" एवढंच म्हणून खाली बसले होते. त्याने तेवढं वाक्य नेलं. या वयात, या धंद्यात, मला कोणी असं शोधत येईल असं वाटलं नव्हतं. छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात विजूभाऊची मुलगी आली, नानांची नात, पुण्यात नोकरी करते. सोबत विजूभाऊ, आता रिटायर झालेला. ती म्हणाली, "काका, आजीचा एकही व्हिडिओ नाही आमच्याकडे. तुमच्या कानबाईत असेल ना?"

मी टीव्हीवर लावलं. पोरगी भराभर पुढे-मागे नेत होती, तिला त्याची सवय. सगळ्यात पहिल्या वर्षाच्या मिरवणुकीत अक्का सापडल्या. बाकीच्या बायकांच्या मागे, टाळ्या वाजवत, एक क्षण कॅमेऱ्याकडे बघून लाजल्या आणि गर्दीत गेल्या. पोरीने तोंडावर हात ठेवला. मग ती यादी बघायला लागली. "काका, याच्या पुढचं वर्ष नाहीये. बाबा म्हणतात त्या वर्षी आजीने डोक्यावर कानबाई घेतली होती. ते कुठंय?"

वीस वर्षं मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी विजूभाऊकडे वळलो. या वेळी पाठ केली नाही. सांगितलं.

तो ऐकून घेत होता. मास्तर माणूस, मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "गोळ्या मी दिल्या, दादा. रोज. ते नको म्हणायचे, मी तोंड उघडून द्यायचो."

तो उठला, दारापर्यंत गेला. मला वाटलं संपलं आता. तो पाठमोरा तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? वेडा त्यांना गावाने म्हटलं. गावाला सांगा."

म्हणून हे लिहिलं. आमच्या गावात हा अंक येतो, वाचनालयात आणि दोन्ही कटिंगच्या दुकानांत. तर ऐका. तुळशीराम नानांना वेड लागलं नव्हतं. त्या सोमवारी त्यांनी जे पाहिलं ते माझ्या वायरीतून त्यांच्या घरात गेलं होतं, आणि त्यांनी सांगितलेलं एक अक्षरही कमी-जास्त नव्हतं. खोटं मी बोललो.

त्या दिवशी एवढं बोलून विजूभाऊ दारातून परत आला होता. पडद्यावर चित्र थांबलेलं होतं, रिकामा चौक. तो खुर्ची ओढून पोरीशेजारी बसला.

"परत लाव," तिला म्हणाला.

तिने लावलं. या वेळी मी नीट पाहिलं. अक्कांचं लुगडं डाळिंबी होतं, हिरव्या काठाचं.